संधिवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा असेल तर फुफ्फुसं तपासलीत का?

रानजाई :
नमस्कार मंडळी. गुडघेदुखी आणि आमवातावर इथे ढिगाने धागे आहेत, पण या आजारांत फुफ्फुसांचं काय होतं यावर काही सापडलं नाही, म्हणून नवीन काढतेय. आधीच असेल तर ॲडमिननी तिकडे हलवावा.

माझ्या वहिनीला, वय ४६, सिस्टेमिक स्क्लेरोसिस निघालाय. सगळे त्याला स्क्लेरोडर्माच म्हणतात. सुरुवात बोटांपासून. फ्रीजमधून दुधाचं पातेलं काढलं की बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल होऊन ठणकायची. याचं नाव रेनॉ. घरात 'रक्त कमी असेल' म्हणून बीट-खजूर सुरू झालं. पुढे बोटांची कातडी ताठ व्हायला लागली, रांगोळी चिमटीत धरता येईना, अंगठी साबण लावूनही निघेना. त्वचेच्या डॉक्टरांनी हात बघताक्षणी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे वातविकारांच्या डॉक्टरांकडे, पाठवलं.

त्यांनी रक्ताच्या तपासण्यांबरोबर छातीचा एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी स्कॅन), पीएफटी (फुफ्फुसांची क्षमता मोजायची चाचणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लिहून दिला. वहिनी जाम वैतागली. "दुखतात बोटं, आणि फोटो छातीचे? मला ना खोकला ना दम." साधा एक्सरे तर क्लीन होता. एचआरसीटीत मात्र दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी ग्राउंड ग्लास, म्हणजे धुरकट काचेसारखे भाग, आणि एनएसआयपी नावाचा सुजेचा पॅटर्न. एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकलेली हवा) अपेक्षेच्या ७४ टक्के, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं माप) ५८. रक्तात एससीएल-७० (या आजारातली एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. थोडक्यात, आयएलडी, म्हणजे फुफ्फुसाला आतून सूज येऊन व्रण पडण्याचा आजार, आहेच.

मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. लिफ्ट बंद असली की ती खालीच बाकावर गप्पा मारत बसायची. भाजीची जड पिशवी वॉचमनकडे ठेवून यायची, नंतर पुतण्या आणायचा. पर्वतीला जाणं 'कंटाळा येतो' म्हणून सोडलेलं. दम लागत नव्हता, कारण दम लागेल असं काही ती करतच नव्हती!

आता मायकोफेनोलेट, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, सुरू केलंय. नातेवाईकांत दोन तट पडलेत. एका काकांचं म्हणणं, स्टेरॉइड द्या, पंधरा दिवसांत फरक पडतो. दुसऱ्यांचं, हे सगळं बंद करा. कोणाच्या घरात असा आजार आहे का? फुफ्फुसांवर लक्ष कसं ठेवता?

चष्मेबहाद्दर :
वाचतोय. वहिनींना लवकर आराम पडो.

डॉ_सांजवारा :
मी छातीविकारतज्ज्ञ आहे. रिपोर्ट न बघता धाग्यावर कोणाला औषध सांगणार नाही, पण सर्वसाधारण माहिती देतो.

तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टनी पहिल्याच भेटीत छाती तपासली हे उत्तम केलं. २०२३ साली अमेरिकेतल्या रुमॅटॉलॉजी आणि छातीविकार अशा दोन संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हेच आहे : धोका असलेल्या रुग्णात तक्रारीची वाट न बघता पीएफटी आणि एचआरसीटी करा. स्क्लेरोडर्मात एके काळी माणसं मूत्रपिंडाच्या क्रायसिसने, म्हणजे रक्तदाब एकाएकी भडकून मूत्रपिंड निकामी झाल्याने, दगावायची. एसीई इनहिबिटर गटातली रक्तदाबाची औषधं आली आणि ते प्रमाण उतरलं. तेव्हापासून या आजारातल्या मृत्यूंचं पहिलं कारण फुफ्फुसं आहेत; एक तर आयएलडी, नाही तर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब, म्हणजे पल्मोनरी हायपरटेन्शन.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, घरच्यांनी त्या नीट समजून घ्याव्यात. आयएलडीत हवेच्या बारीक फुग्यांमधली भिंत आधी सुजते, मग तिथे व्रणासारखे तंतू तयार होतात. फुफ्फुस ताठ होतं, पूर्ण फुलत नाही, एफव्हीसी घसरते. स्टेथोस्कोप पाठीवर खाली लावला की शाळेच्या बुटाची वेल्क्रोची पट्टी उघडताना येतो तसा चर्रचर्र आवाज येतो. पल्मोनरी हायपरटेन्शनमध्ये फुग्यांना फारसं काही झालेलं नसतं. रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. अशा वेळी एफव्हीसी बरी असते आणि डीएलसीओ मात्र धाडकन खाली येतो. एससीएल-७० असलेल्यांत आयएलडीचा धोका जास्त, अँटिसेन्ट्रोमियर ही दुसरी अँटिबॉडी असलेल्यांत रक्तवाहिन्यांचा. म्हणून तुम्हाला टूडी इकोसुद्धा सांगितला. इकोत शंका आली तरी शिक्कामोर्तब हृदयाच्या उजव्या बाजूच्या कॅथेटरायझेशननेच, म्हणजे बारीक नळी घालून दाब मोजूनच, होतं.

आता काकांचं स्टेरॉइड. स्क्लेरोडर्मात हे गोड बोलून गळा कापणारं प्रकरण आहे. प्रेडनिसोलोनचा डोस रोज १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून वर गेला की मूत्रपिंडाच्या क्रायसिसचा धोका वाढतो. त्याच २०२३ च्या सूचनांमध्ये स्क्लेरोडर्माच्या आयएलडीला पहिलं औषध म्हणून स्टेरॉइड नको, असं ठाम लिहिलंय. मायोसायटिसच्या (स्नायूंना सूज येण्याचा आजार) किंवा ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती अनेक अवयवांवर उलटते तो आजार) रुग्णाला हेच स्टेरॉइड जीव वाचवणारं ठरू शकतं. तेव्हा 'शेजारणीला गुण आला' या हिशोबाने इथे चालता येत नाही.

साखरभात :
छान लिहिलंत डॉक्टर. मला आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आहे, बरीच वर्षं मेथोट्रेक्झेटवर आहे. हे औषध फुफ्फुसं खराब करतं असं गुगलवर वाचलं आणि दोन रात्री झोप नाही. बंद करू का?

डॉ_सांजवारा :
स्वतःहून अजिबात बंद करू नका. मेथोट्रेक्झेटने क्वचित न्यूमोनायटिस, म्हणजे फुफ्फुसाला सूज, होतो, तो बहुधा सुरुवातीच्या वर्षभरात : ताप, कोरडी ढास, दिवसागणिक वाढणारा दम. असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. पण वर्षानुवर्षं हळूहळू वाढणाऱ्या आयएलडीचं खापर त्याच्यावर फोडायला आधार मिळालेला नाही. ती आमवाताचीच देणगी असते; धूम्रपान करणारे, पुरुष आणि अँटी-सीसीपी (आमवातातली अँटिबॉडी) खूप वाढलेले यांच्यात जास्त. शिवाय आमवातात सीटीवरचा पॅटर्न बरेचदा यूआयपी नावाचा, व्रणांचा असतो, एनएसआयपीपेक्षा चिवट. तुम्हाला दम, खोकला असेल तर पुढच्या भेटीत सांगा. आणि कृपा करून, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेऊन ॲडमिट झालेले रुग्ण आम्ही दरवर्षी बघतो.

इस्लामपूरकर :
आमच्या थोरल्या बंधूंचं सांगतो. कोरडा खोकला, वजन उतरलेलं, एक्सऱ्यात डाग. एका डॉक्टरांनी थुंकीत काही सापडलं नसताना टीबीचा कोर्स चालू केला. दोन महिने झाले तरी खोकला तसाच, वर लघवी लाल आणि अन्नावरची वासना गेलेली. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात हातात घेऊन बघितले. बोटांच्या कडा फाटलेल्या, काळ्या रेघा पडलेल्या, गॅरेजवाल्याचे असतात तशा. दादा तर पोस्टातून रिटायर, आयुष्यात पाना धरला नाही. त्या म्हणाल्या, "यांचे स्नायू दुखतात का?" तर दुखत होतेच, पाटावरून उठताना हात टेकावा लागायचा. निघालं अँटिसिंथेटेज सिंड्रोम, म्हणजे स्नायू आणि फुफ्फुसांना धरणारा आजार, त्याची जो-१ अँटिबॉडी पॉझिटिव्ह. टीबी नव्हताच.

आपल्याकडं खोकला म्हटला की पहिला टीबीच आठवतो. त्यात डॉक्टरांचं तरी काय चुकलं म्हणा, टीबी आहेच तेवढा. पण थुंकी निगेटिव्ह, औषधाला उतार नाही, तर दुसरं काही बघायला नको?

डॉ_सांजवारा :
अशा हातांना आम्ही 'मेकॅनिक्स हँड' म्हणतो. उलटा गोंधळही होतो हे सांगून ठेवतो : आयएलडीच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना खराखुरा टीबी होतो आणि 'जुनाच आजार वाढला' म्हणून राहून जातो. त्यामुळे ही औषधं, विशेषतः बायोलॉजिक्स, सुरू करण्याआधी सुप्त टीबीची तपासणी करतात आणि नवा खोकला आला की थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची चाचणी) पुन्हा करतात. यात कुरकुर करू नये.

अबोली_ठाणे :
कबुतरांमुळे तर नसेल ना? आमच्या खिडकीत कायम असतात. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढा गदारोळ झाला.

डॉ_सांजवारा :
कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने होते ती हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. तीही आयएलडीच, पण जात निराळी. सीटीवर बरेचदा वेगळी ओळखू येते. बोटं पांढरी पडणं, कातडी ताठणं हे कबुतरांचं काम नाही. तरी आधीच फुफ्फुस आजारी असेल तर खिडकीला जाळी लावाच.

टीपकागद :
धुळीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. दगडाच्या धुळीचा, सिलिकाचा, आणि या आजारांचा जुना संबंध आहे. १९५३ मध्ये कॅप्लन या डॉक्टरने वेल्समधल्या आमवात असलेल्या कोळसा खाणकामगारांच्या एक्सऱ्यात गोल गाठी दिसतात हे मांडलं. १९५७ मध्ये एरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांमधल्या स्क्लेरोडर्मावर लिहिलं. सिलिकासोबत येणाऱ्या स्क्लेरोडर्माला आजही त्यांचं नाव आहे. आपल्याकडे खडी क्रशरवर, फरशीच्या घासाई-कटाईत माणसं तोंडाला साधा रुमाल बांधून काम करतात. बायकांचा आजार म्हणून स्क्लेरोडर्मा पुरुषात कोणी शोधत नाही. पुरुष रुग्ण आला तर आधी धंदा विचारावा.

गुळवेल_प्रेमी :
इतकी जहाल औषधं कशाला? मुळात प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे हे होतं. गुळवेलीचा काढा, अश्वगंधा आणि सकाळ-संध्याकाळ प्राणायाम. माझ्या मावसबहिणीचा एएनए (या आजारांसाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह झाला.

रानजाई :
'सगळं बंद करा' म्हणणारे काका, तुम्हीच का ते? :)

केतकी_बर्मिंगहॅम :
हसू आवरेना रानजाई!

गुळवेल_प्रेमी, प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे नाही हो, ती आपल्याच पेशींवर उलटल्यामुळे हे होतं. तिला आणखी चेव आणून काय मिळवायचं? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनीच गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद छापली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण इथे नको उगाळायला. पण आयएलडीच्या औषधांत निन्टेडॅनिबसारखं फुफ्फुसातले व्रण वाढण्याचा वेग कमी करणारं औषध यकृतावर लक्ष ठेवूनच देतात. त्यात काढा मिसळला तर एंझाइम कशाने वाढले हे कळणार कसं? आणि एएनए म्हणाल तर तो धडधाकट माणसांतही कमी प्रमाणात (टायटर) पॉझिटिव्ह येतो. त्याचं निगेटिव्ह होणं म्हणजे फुफ्फुस बरं होणं नव्हे. प्राणायाम खुशाल करा, श्वास कोंडून ठेवण्याची ओढाताण तेवढी नको.

आता माझं. मला स्वतःला स्क्लेरोडर्मा आहे, आयएलडीसकट. आधी मायकोफेनोलेट आणि नंतर जोडीला निन्टेडॅनिब. इथल्या नर्सने मला पहिल्यांदा समजावलं ते असं, की ही औषधं गेलेलं फुफ्फुस परत आणतील असं धरून चालू नकोस, आहे ते टिकवायचं. हे ऐकून घरी येऊन रडले होते. मग आकडे वाचले. २०१९ चा सेन्सिस नावाचा अभ्यास, ५७६ रुग्ण : निन्टेडॅनिब न घेणाऱ्यांची एफव्हीसी वर्षाला सरासरी ९३ मिलिलिटरने घसरली, निन्टेडॅनिब घेणाऱ्यांची ५२ ने. एका वर्षात हा फरक चहाच्या कपाच्या तळाएवढा वाटतो. पण मी पन्नाशीच्या अलीकडे आहे, माझा हिशोब वर्षाचा नाही.

निन्टेडॅनिब पोटाला छळतं, जुलाब होतात. मी ते भरल्या पोटीच घेते, दूध कमी केलंय आणि जुलाब थांबवणारं लोपेरामाइड पर्समध्ये असतं. वरण-भात, ताकाची निवळ यांवर दिवस निघतो.

मंदार_के :
मायकोफेनोलेटवरही चांगला पुरावा आहे. २००६ च्या स्क्लेरोडर्मा लंग स्टडीत सायक्लोफॉस्फमाइडने थोडा फायदा दिसला होता, पण ते औषध रक्तपेशी, मूत्राशय, बीजांडं सगळ्यांना त्रास देतं. २०१६ च्या दुसऱ्या स्टडीत मायकोफेनोलेट तितकंच उपयोगी आणि सोसायला सोपं ठरलं. त्यानंतर पारडं फिरलं. २०२१ मध्ये अमेरिकेत टोसिलिझुमॅबलाही या कामासाठी मान्यता मिळाली. रिटुक्सिमॅब आपल्याकडे बरंच वापरतात.

मी डेटावाला माणूस, बायकोचे पीएफटी एक्सेलमध्ये टाकतो. एका रिपोर्टवर उड्या मारायच्या नाहीत की रडायचं नाही. सर्दी असेल, फुंकताना तोंडाची कड सुटली असेल, तरी आकडा पडतो. ओळीने तीन-चार आकड्यांचा कल बघायचा. आमचे डॉक्टर म्हणतात, एफव्हीसी आधीच्या तुलनेत १० टक्क्यांनी पडली, किंवा ५-९ टक्के पडली आणि डीएलसीओही १५ टक्क्यांनी पडला, तर ती खरी घसरण धरायची.

अबोली_ठाणे :
ते तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र रोज केलं तर एफव्हीसी वाढत नाही का? आमच्याकडे सासऱ्यांच्या बायपासनंतरचं पडलंय.

केतकी_बर्मिंगहॅम :
ते ऑपरेशननंतर फुफ्फुसाचे कोपरे उघडायला. फायब्रोसिस, म्हणजे ते व्रणासारखे तंतू, त्याने उकलत नाही. (आणि ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं!) त्यापेक्षा पल्मोनरी रिहॅब (फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम) मिळत असेल तर घ्या, पायांच्या स्नायूंना बळ आलं की त्याच फुफ्फुसात जास्त चालता येतं.

साखरभात :
माझा एक अगदी मठ्ठ प्रश्न. घरी ऑक्सिमीटर आहे. सकाळी ८६ दाखवतो, दुपारी ९७. कुठलं खरं?

केतकी_बर्मिंगहॅम :
अजिबात मठ्ठ नाही. तुमची बोटं गार पडतात का? रेनॉमध्ये बोटात रक्तच पोचत नाही, तर यंत्र वाचणार काय? स्क्रीनवरची लाट नीट उड्या मारत नसेल तर आकडा धरायचाच नाही. हात कोमट पाण्यात शेकून, पुसून मग लावा, नेलपॉलिश काढून. आमच्या क्लिनिकमध्ये मला कानाच्या पाळीला लावायचं वेगळं सेन्सर लावतात. आणि बसून ९७ आलं म्हणून खूश होऊ नका, आयएलडीत ऑक्सिजन चालताना उतरतो. सहा मिनिटं चालवायची चाचणी त्यासाठीच.

साखरभात :
गारच असतात हो! हे डॉक्टरांना सांगायला हवं.

वऱ्हाडी_ठेचा :
माह्या बायकोले स्क्लेरोडर्मासंग पल्मोनरी हायपरटेन्शन हाय. डॉक्टरनं सिल्डेनाफिल लिहून देल्लं. आता हे औषध कायचं हाय हे गावात साऱ्यायले मालूम. मेडिकलवाला पोरगा चिठ्ठीकडं पाहे, मंग माह्याकडं पाहे, मंग गालातल्या गालात हसे. तिसऱ्या खेपेले मी त्याले काउंटरवरच सांगतलं, बाबू, हे बाईच्या फुफ्फुसाच्या नसा सैल कराले देतेत, रोज तीनदा. तवापासून आमचा स्टॉक बाजूले काढून ठेवते. औषध घ्याले लाजाचं नाही, एवढंच सांगाचं होतं.

चष्मेबहाद्दर :
हा प्रतिसाद धाग्याचा मानकरी!

डॉ_सांजवारा :
वऱ्हाडी_ठेचा, जियो.

राहिलेलं थोडं. ल्युपसमध्ये आयएलडीपेक्षा फुफ्फुसाच्या आवरणाला सूज येणं जास्त दिसतं. श्वास आत घेतला की बरगडीत कळ. मात्र ल्युपसच्या रुग्णाला अचानक दम लागला, थुंकीत रक्त आलं किंवा हिमोग्लोबिन एकाएकी उतरलं, तर फुफ्फुसात रक्तस्राव होत असू शकतो. तसंच डर्मेटोमायोसायटिसचा (त्वचा आणि स्नायूंचा आजार) एमडीए-५ नावाचा प्रकार : स्नायू ठीक असतात, बोटांच्या सांध्यांवर किंवा तळव्यावर जखमा, ताप, आणि आठवड्यांत फुफ्फुस बिघडतं. या दोन्हीत 'सोमवारी ओपीडीत दाखवू' चालत नाही, थेट मोठं हॉस्पिटल. श्योग्रेनवाल्यांना (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार) नुसत्या कोरडेपणाने खोकला येतो, पण तो कोरडेपणाचाच आहे हे तपासून ठरवावं.

रानजाई, वहिनींना जळजळ, घशाशी आंबट येणं आहे का? स्क्लेरोडर्मात अन्ननलिका ढिली पडते आणि रात्री ॲसिड थेंबथेंब फुफ्फुसात उतरतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, नुसत्या उशा वाढवून पोट दाबलं जातं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. फ्लू आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाची) लस घ्या. जिवंत विषाणूच्या लशी मायकोफेनोलेटवर असताना नाहीत.

अबोली_ठाणे :
वयाने लहान मुलींसाठी विचारते, या औषधांवर दिवस राहिले तर?

केतकी_बर्मिंगहॅम :
मायकोफेनोलेट आणि निन्टेडॅनिब दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत, बाळाला व्यंग होऊ शकतं. मायकोफेनोलेट निदान दीड महिना आधी थांबवून दुसऱ्या औषधावर न्यावं लागतं, आणि तेही फुफ्फुस आणि इको बघून ठरवून. सुरू करतानाच डॉक्टरांनी हे सांगायला हवं, पुष्कळदा लग्न न झालेल्या मुलीला संकोचाने सांगत नाहीत. आईने उठून बाहेर जावं आणि मुलीला बोलू द्यावं.

रानजाई :
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! जळजळ आहेच, ती गेली कित्येक वर्षं 'पित्त' म्हणून आलेपाक खाते. दादा आजच विटा आणतोय. स्टेरॉइडवाल्या काकांना डॉक्टरांचा प्रतिसाद फॉरवर्ड केला, निळी टिक आलीय, उत्तर नाही.

पुढची पीएफटी तीन महिन्यांनी आहे. मागच्या वेळी तिला तोंडात नळी नीट धरता येत नव्हती, तोंडच पुरेसं उघडत नाही. काही युक्ती?

मंदार_के :
आमच्याही बायकोचं तेच. आधी फोन करून दोन गोष्टी विचारा : लहान माउथपीस आहे का, आणि डीएलसीओ होतो का. बऱ्याच ठिकाणी पीएफटी म्हणून नुसती स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची चाचणी, करून देतात. शक्यतो दर वेळी तेच सेंटर, तेच मशीन. हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या, रक्त कमी असेल तर डीएलसीओ खोटाच कमी येतो, त्याचा हिशोब करून घ्यावा लागतो.

रानजाई :
फोन केला. डीएलसीओ होतो, लहान माउथपीसही मिळेल म्हणाले. वहिनी विचारतेय, उपाशीपोटी जायचं का?

मंदार_के :
नको, चक्कर येईल. तासभर आधी हलकं काहीतरी खाऊन जा, पोट गच्च भरून नाही. आणि छातीला घट्ट बसणारा ब्लाउज नको म्हणावं, सैल कुर्ता घाला.